नाव विकत मिळेल, माणसांचं काय?

दसरा तोंडावर आला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरतो : डीप क्लीनिंगवाला कोणी चांगला माहीत आहे का? घरात दोघंही नोकरीला. रोजच्या मावशी केर-फरशी आणि भांडी करतात. पण चिमणीच्या जाळीवरचं तेल, स्लायडिंग खिडकीच्या खाचेतली माती, बाथरूमच्या टाइल्सवर चढलेले क्षारांचे पांढरे थर यांना त्या हात लावत नाहीत, आणि तसं ठरलेलंही नसतं. मग तीन माणसं एक व्हॅक्यूम, एक घासायचं यंत्र आणि चार कॅन घेऊन येतात, दिवसभर राबतात आणि काही हजार रुपये घेऊन जातात. बघणाऱ्याला वाटतं, धंदा असावा तर असा. भर रस्त्यावर दुकान नको, माल सडायची भीती नाही, उधारी फारशी नाही, आणि धूळ तर काही संपायची नाही.

अशा वेळी फ्रँचायझीची जाहिरात समोर येते. तयार ब्रँड, तयार यंत्रणा, प्रशिक्षण आमचं, ग्राहक आमच्या ॲपवरून. तुम्ही फक्त पाच-दहा लाख गुंतवायचे. व्हीआरएसचे पैसे हातात असलेला, आयटीतली नोकरी गेलेला किंवा मुलं मोठी झाल्यावर काहीतरी स्वतःचं करू पाहणारा माणूस तिथे थबकतो. त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘ब्रँड किती मोठा आहे?’ हा असतो. या धंद्यात मात्र सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : उद्या सकाळी आठ वाजता कामावर कोण येणार? ग्राहक, रसायनं, यंत्रं, रंगीत टी-शर्ट हे सगळं पैसे टाकून मिळतं. रोज वेळेवर येणारी, परक्याच्या घरात नीट वागणारी आणि सहा महिने टिकणारी माणसं ही इथली खरी टंचाई आहे. फ्रँचायझी त्या टंचाईवर काही उपाय देते का, यावरच ती घ्यायची की नाही ते ठरवायला हवं.

मॉडेल तिकडचं, घर इकडचं

घरसफाईची साखळी चालवायची कल्पना उत्तर अमेरिकेत रुजली. १९७९ या एकाच वर्षी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात ‘मेरी मेड्स’ आणि ‘द मेड्स’ या दोन कंपन्या निघाल्या. त्याच वर्षी कॅनडात ‘मॉली मेड’ सुरू झाली आणि पुढे अमेरिकेत पसरली. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या होत्या, घरं मोठी होती आणि पूर्णवेळ नोकर ठेवणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात नव्हतं. यातून ‘दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला आमची टीम येईल, दोन-तीन तासांत घर साफ करून जाईल’ हा सौदा जमला.

या सौद्याचं मर्म ‘दर पंधरवड्याला’ या शब्दांत आहे. ग्राहक एकदा जोडला की वर्षाला सव्वीस वेळा पैसे देतो. त्याला मिळवायला केलेला जाहिरातीचा खर्च पहिल्या एक-दोन फेऱ्यांत वसूल होतो आणि पुढे येईल ते उत्पन्न बऱ्यापैकी आधीच ठाऊक असतं. मंगळवारी कुठली घरं, बुधवारी कुठली, हे महिनाभर आधी लिहून ठेवता येतं. अशा धंद्यात मूळ कंपनीला विक्रीतून द्यायची रॉयल्टी परवडते, कारण ती नेमाने येणाऱ्या पैशातून जाते.

आपल्याकडे रोजच्या सफाईची जागा आधीच भरलेली आहे. मावशी रोज येतात, महिन्याच्या पगारावर येतात, खाडे होतात, उचल द्यावी लागते, दिवाळीला बोनस द्यावा लागतो. तरी ती व्यवस्था पक्की आहे आणि कुठल्याही कंपनीच्या दरापेक्षा स्वस्त आहे. कंपनीच्या वाट्याला उरतं ते अधूनमधूनचं काम : दसरा-दिवाळीची साफसफाई, भाडेकरू बदलला की रिकामा फ्लॅट, इंटीरियरचं काम संपल्यावरची धूळ आणि रंगाचे डाग, सोफा आणि गाद्यांचं शॅम्पू. हे ग्राहक वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतात. म्हणजे प्रत्येक कामासाठी गिऱ्हाईक नव्याने शोधायचं, आणि अर्धं काम सणाच्या तोंडावरच्या महिन्या-दीड महिन्यात येऊन पडायचं. जाहिरातीतली कंपनी ‘अमेरिकेत सिद्ध झालेलं मॉडेल’ असं म्हणत असेल, तर तिथे सिद्ध झालेली गोष्ट पंधरवड्याची फेरी आहे, दिवाळीची साफसफाई नव्हे, हे तिला सांगायला हवं.

तासाच्या हिशेबाने रोजची मदत पुरवण्याच्या बाजारात आता ॲपवाल्या कंपन्या उतरल्या आहेत. अर्बन कंपनीने मार्च २०२५ मध्ये मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाची मदत पोहोचवण्याची सेवा सुरू केली. तिच्या नावातल्या ‘मेड्स’ या शब्दावरून टीका झाल्यावर नाव बदलून ‘इन्स्टा हेल्प’ केलं. नवी फ्रँचायझी घेणाऱ्याला या स्पर्धेची झळ दोन्हीकडून लागते. ॲप त्याचं गिऱ्हाईक नेतं, आणि त्याने शिकवून तयार केलेला कामगारही त्याच ॲपवर थेट नाव नोंदवू शकतो.

चौदा दिवस आणि तेवीस कलमं

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला कायद्याने एक जाडजूड दस्तऐवज द्यावा लागतो. फेडरल ट्रेड कमिशनचा हा नियम ऑक्टोबर १९७९ पासून लागू आहे आणि २००७ मध्ये तो सुधारला गेला. करारावर सही करण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान चौदा दिवस आधी हा दस्तऐवज खरेदीदाराच्या हातात पडला पाहिजे. त्यात तेवीस कलमं असतात : कंपनी कोणाची, तिच्यावर खटले कोणते, सुरुवातीचं शुल्क किती, नंतरची शुल्कं किती, एकूण गुंतवणूक किती लागेल, क्षेत्र राखून दिलंय का, करार कसा मोडतो, लेखापरीक्षित ताळेबंद काय सांगतो.

त्यातली दोन कलमं फार मोलाची. एकोणिसावं कलम कमाईच्या दाव्यांचं आहे : ‘महिन्याला इतके सुटतात’ असं सांगायचं असेल तर ते या कलमात आधारासह लिहावं लागतं, लिहिलं नसेल तर विक्री करणाऱ्याने तोंडी आकडे फेकायचे नाहीत. विसावं कलम शाखांचं आहे : गेल्या तीन वर्षांत किती उघडल्या, किती बंद पडल्या, किती हस्तांतरित झाल्या. सध्याच्या फ्रँचायझीधारकांचीच नव्हे, तर गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांचीही नावं आणि फोन त्यात द्यावे लागतात. दस्तऐवजातली माहिती खरी की खोटी हे सरकार स्वतः तपासत नाही. पण ज्याने धंदा सोडला त्याचा फोन नंबर हातात असला, की अर्धी तपासणी आपली आपल्याला करता येते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणारा कोणी मराठी माणूस अशी फ्रँचायझी घ्यायच्या विचारात असेल, तर त्याने जाहिरात बाजूला ठेवून आधी ही दोन कलमं वाचावीत. त्याआधी आपल्या व्हिसावर धंद्यात प्रत्यक्ष काम करता येतं का हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. एच-वन-बी व्हिसा नोकरी देणाऱ्या कंपनीपुरता असतो, आणि गुंतवणूकदारांसाठीचा ई-टू व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही.

भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, जीएसटी, कामगार कायदे अशा निरनिराळ्या कायद्यांच्या आधारावर हा व्यवहार चालतो. विक्रेत्याने काय उघड करायलाच हवं याची यादी नाही, विचार करायला चौदा दिवसांची सक्ती नाही. उलट प्रदर्शनाच्या स्टॉलवर ‘आज टोकन भरलंत तर पन्नास हजार कमी’ असं ऐकू येतं, आणि टोकन परत मिळणार नाही हे पावतीवर बारीक अक्षरात असतं. म्हणून अमेरिकेतला तो दस्तऐवज आपल्याला आपल्या हाताने तयार करावा लागतो. त्याचा बराचसा भाग घरबसल्या होतो.

आपली आपण चौकशी

सुरुवात नावापासून. सफाईची सेवा ट्रेडमार्कच्या सदतिसाव्या वर्गात येते. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहणं फुकट आहे. नोंदणी झालीय, की नुसता अर्ज पडून आहे, की कोणी हरकत घेतलीय, हे तिथे दिसतं. नावापुढे बारीक ‘टीएम’ लिहिलेलं असणं म्हणजे केवळ हक्क सांगणं. गोलातलं ‘आर’ फक्त नोंदणीनंतर लावता येतं. मालक म्हणून कंपनीऐवजी एखाद्या संचालकाचं वैयक्तिक नाव दिसलं, तर नाव वापरायला देण्याचा अधिकार कंपनीकडे कुठून आला हे विचारायचं. नावासाठीच पैसे मोजायचे, तर नाव कोणाचं हे माहीत हवं.

मग कंपनी. ती प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून तिचे ताळेबंद कोणालाही पाहता येतात. आपल्या सीएला एकच गोष्ट विचारायची : हिचं उत्पन्न मुख्यतः कशातून येतं? रॉयल्टीतून येत असेल तर जुन्या शाखा चालताहेत. बहुतेक उत्पन्न नव्या शाखांच्या प्रवेश शुल्कातूनच येत असेल, तर कंपनीचा खरा धंदा सफाईचा नाही, फ्रँचायझी विकण्याचा आहे. खटल्यांसाठी ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो.

सोडून गेलेले फ्रँचायझीधारक आपल्याला कोणी देणार नाही. ते शोधावे लागतात. गूगल मॅप्सवर कंपनीचं नाव निरनिराळ्या शहरांसोबत टाकून पाहावं. ‘कायमचं बंद’ असा शिक्का असलेल्या शाखा, दोन वर्षांपूर्वी थांबलेले रिव्ह्यू, एकाच शहरात तीनदा बदललेला पत्ता, हे सगळं तिथे उघड्यावर पडलेलं असतं. अशा दोघा-तिघांना फोन करून विचारायचं : कंपनीकडून महिन्याला प्रत्यक्ष किती कामं आली? कामगार कोणी शोधले? यंत्र बिघडलं तेव्हा बदली यंत्र किती दिवसांनी मिळालं? पुन्हा घ्याल का? चालू शाखांचे मालक कंपनीच्या भिडेखातर मोघम बोलतात. सोडून गेलेला माणूस कदाचित जास्त कडवट बोलेल. दोघांच्या बोलण्यात जे जुळेल ते खरं धरावं.

प्रशिक्षण खरं आहे की दोन दिवसांचा सोहळा, हे ओळखायलाही एक सोपी परीक्षा आहे. प्रशिक्षकाला विचारायचं, ‘इटालियन मार्बलवर ॲसिडवालं क्लीनर पडलं तर काय करायचं?’ मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल त्याला खातं आणि जिथे थेंब पडले तिथली चकाकी जाते. ती धुऊन परत येत नाही, घासून पुन्हा पॉलिश करावं लागतं. दुसरा प्रश्न : ‘टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र वापरलं तर जास्त स्वच्छ होतं का?’ हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेलं क्लीनर ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो कामगाराच्या जिवावर बेतू शकतो. ज्या कंपनीच्या प्रशिक्षणात या दोन गोष्टी पहिल्या दिवशी नाहीत, ती कंपनी फक्त टी-शर्ट देते आहे.

एका कामाचा हिशेब

फ्रँचायझीच्या माहितीपत्रकात वर्षाचे मोठे आकडे असतात. आपण एका घराचा हिशेब मांडू. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या शहरात ते वेगळे निघतील, पण मांडायची रीत हीच.

समजा टू-बीएचकेच्या डीप क्लीनिंगचे जीएसटी वगळून ५,००० रुपये मिळाले. तीन माणसांची मजुरी, मालकाने भरायच्या वर्गणीसह, २,४००. जाण्यायेण्याचे ३००. रसायनं, मायक्रोफायबरची फडकी, पॅड यांचे ३००. हे गिऱ्हाईक मिळवायला स्थानिक जाहिरातीवर गेलेले २५०. रॉयल्टी आठ टक्के आणि कंपनीच्या जाहिरात निधीचे दोन टक्के, मिळून ५००. एकूण खर्च ३,७५०. हातात उरले १,२५०. रॉयल्टी नफ्यावर नसते, विक्रीवर असते. काम तोट्यात गेलं तरी हे ५०० जातातच.

आता महिन्याचा ठरलेला खर्च : सामान ठेवायची खोली, सुपरवायझरचा पगार, फोन, सॉफ्टवेअर, विमा, यंत्रांची दुरुस्ती असे ५०,००० धरू. स्वतःचा पगार ४०,०००. हे ९०,००० भागवायला १,२५० च्या हिशेबाने महिन्याला ७२ कामं लागतात. एक टीम दिवसाला एक घर करते; महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तीन टीम हव्यात.

हाच धंदा स्वतःच्या नावाने केला, बाकी सगळे खर्च तेच ठेवले, तर प्रत्येक कामामागे १,७५० उरतात आणि ५२ कामांत भागतं. तेवढ्याला दोन टीम पुरतात. म्हणजे फ्रँचायझीच्या नावाने दर महिन्याला वीस कामं जास्तीची आणून दिली, तर कुठे आपण बरोबरीत आलो. पाच लाखांचं प्रवेश शुल्क पाच वर्षांच्या कराराच्या साठ महिन्यांवर वाटलं, तर महिन्याला सुमारे ८,३३३ होतात. त्यासाठी आणखी सात कामं. वीसची सत्तावीस झाली, आणि एकूण ७९. तीन टीमनी सव्वीसच्या सव्वीस दिवस, एकही खाडा न करता काम केलं तरी ७८ च घरं होतात.

जीएसटीचाही विचार यातच करावा. महिन्याला ७२ कामं म्हणजे वर्षाची उलाढाल ४३ लाखांच्या पुढे. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे २० लाख आहे, त्यामुळे नोंदणी अटळ, आणि ग्राहकाच्या हातातलं बिल अठरा टक्क्यांनी वाढून ५,९०० चं होतं. स्कूटरवर दोन कॅन बांधून फिरणारा, मर्यादेखालचा माणूस तेच काम ५,००० ला किंवा त्याहून कमी पैशांत करतो. हा फरक नोंदणी केलेल्या प्रत्येकालाच सोसावा लागतो; पण फ्रँचायझी घेतलेल्याकडे दर खाली आणायला जागा आणखी कमी उरते. प्रवेश शुल्कावरही अठरा टक्के लागतात. नोंदणी असेल तर त्यांचं क्रेडिट मिळतं, तरी सुरुवातीला ते ९०,००० खिशातूनच जातात. म्हणून विक्री करणाऱ्याला सरळ विचारावं, ‘तुमच्याकडून महिन्याला सत्तावीस कामं येतील हे करारात लिहून द्याल का?’ उत्तर देताना तो ब्रँडच्या मोठेपणाकडे वळला, तर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं.

सकाळचे आठ

आता तीन टीममधल्या त्या नऊ माणसांकडे येऊ. सोसायटीत चार घरं धरणाऱ्या मावशींना कंपनीच्या नोकरीचं आकर्षण वाटेल, असं कागदावर दिसतं. पण चार घरं चालत जाण्याच्या अंतरावर असतात, दुपारी घरी जाऊन मुलांना जेवायला वाढता येतं आणि एक घर सुटलं तर तीन उरतात. कंपनीची नोकरी म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळ, आज कोथरूड तर उद्या खराडी, वर गणवेश आणि सुपरवायझर. म्हणून डीप क्लीनिंगच्या टीममध्ये बहुतेक तरुण मुलं दिसतात : मराठवाड्यातली, उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, ओडिशातली. गावाकडे पेरणी असते, लग्नं असतात. बिहारच्या मुलांना छठसाठी घरी जायचं असतं, आणि छठ येते लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी. रेल्वेची तिकिटं मिळण्यासाठी त्यांना त्याच्या बरेच दिवस आधी निघावं लागतं. म्हणजे ज्या पंधरवड्यात वर्षाची कमाई व्हायची, नेमक्या त्याच पंधरवड्यात माणसं कमी.

हे सांभाळणारा मालक कसा असतो? तो कोणाला कधी सुटी द्यायची हे जूनमध्येच ठरवतो, दिवाळीपर्यंत थांबणाऱ्याला जाण्याचं तिकीट स्वतः काढून देतो, मुलांच्या राहण्याच्या खोलीचं डिपॉझिट भरतो, पगार सात तारखेच्या आत करतो. ग्राहकाने ‘अंगठी सापडत नाहीये’ असा फोन केला, तर आधी आपल्या माणसाला चोर न ठरवता पुढच्या अर्ध्या तासात स्वतः त्या घरी पोहोचतो. हे काम कोणत्याही कंपनीच्या ॲपमधून होत नाही. दुसरी नोकरी सांभाळून, आठवड्यातून एकदा डॅशबोर्ड पाहून हा धंदा करू म्हणणाऱ्याने उंटावरून शेळ्या हाकायचा बेत केलेला असतो.

कायदाही याच ठिकाणी दार ठोठावतो. नऊ कामगार आणि एक सुपरवायझर म्हणजे दहा. साधारणपणे दहाच्या आकड्याला कामगार राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू होतं : पगाराच्या ३.२५ टक्के मालकाचे, ०.७५ टक्के कामगाराचे. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा कर्मचाऱ्यांवर अंतर्गत समिती नेमावी लागते. हा कायदा राहत्या घरालाही कामाचं ठिकाण मानतो, आणि परक्या घरात जाऊन काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी. या सगळ्या जबाबदाऱ्या फ्रँचायझी घेणाऱ्याच्या. करारात मूळ कंपनी बहुधा आधीच लिहून ठेवते की कामगारांशी तिचा संबंध नाही.

करारातली पाच ठिकाणं

करार वकिलाकडून वाचून घ्यावाच. पण आपणही पाच ठिकाणी बोट ठेवून वाचावा.

पहिलं, क्षेत्र. ‘पुणे पश्चिम’ असं मोघम लिहिलं असेल तर ते क्षेत्र नव्हे. पिनकोड लिहिलेले हवेत, आणि त्या पिनकोडमधून कंपनीच्या ॲपवर आलेलं काम आपल्यालाच मिळेल हेही. नाहीतर शेजारच्या शाखेची टीम आपल्याच सोसायटीच्या गेटवर दिसेल.

दुसरं, दर. कंपनीने दिवाळीला तीस टक्के सूट जाहीर केली तर ती कोणाच्या खिशातून? रॉयल्टी मूळ दरावर, की प्रत्यक्ष मिळालेल्या पैशांवर?

तिसरं, सक्तीची खरेदी. रसायनं आणि यंत्रं कंपनीकडूनच घ्यायची असतील, तर बाजारभाव आणि कंपनीचा भाव यांची तुलना सही करण्याआधी करावी. रॉयल्टी कमी ठेवून कॅनमधून पैसे काढणारी कंपनी पाहण्यात येऊ शकते.

चौथं, नुकसानभरपाई. त्या मार्बलची चकाकी गेली आणि ग्राहकाने दोन लाख मागितले, तर ते कोण देणार? बहुतेक करारांचा मसुदा ‘फ्रँचायझी घेणाऱ्याने कंपनीला झळ लागू द्यायची नाही’ अशा भाषेत असतो. मग विमा आपणच काढायचा, आणि त्यात ग्राहकाच्या मालमत्तेचं नुकसान येतं का ते पाहायचं.

पाचवं आणि सर्वांत दुर्लक्षित, बाहेर पडणं. करार कायद्याचं सत्ताविसावं कलम कोणालाही धंदा करण्यापासून रोखणाऱ्या अटी निरर्थक ठरवतं. करार चालू असताना प्रतिस्पर्धी काम न करण्याची अट मात्र टिकते; गुजरात बॉटलिंग आणि कोका कोला यांच्यातल्या १९९५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फ्रँचायझी करारातल्या अशाच अटीला मान्यता दिली. करार संपल्यावर मात्र ‘तीन वर्षं सफाईचा धंदा करायचा नाही’ ही अट न्यायालयात टिकणं अवघड. पण कंपनीला त्या अटीची गरजही नसते. बुकिंगचा फोन नंबर तिच्या नावावर, गूगलवरची नोंद तिच्या खात्यात, ग्राहकांची यादी तिच्या सर्व्हरवर. धंदा करायला तुम्ही मोकळे असता, फक्त गिऱ्हाईकं तिची झालेली असतात. नंबर आणि यादी कोणाची, हे पहिल्या दिवशीच लिहून घ्यावं. वादाचा लवाद गुरुग्राममध्ये की पुण्यात, हेही तिथेच पाहावं. दोन लाखांच्या वादासाठी विमानाने कोण जाणार?

एक प्रकार मात्र वाटाघाटीचाही नव्हे. ‘पैसे तुमचे, चालवू आम्ही, महिन्याला ठरावीक रक्कम हमखास’ अशी ऑफर आली, तर ती सफाईची फ्रँचायझी राहिलेली नसते. दरमहा हमीच्या परताव्याने ठेवीदार बुडाल्याचे प्रकार महाराष्ट्राला नवे नाहीत. त्यांच्यासाठीच १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा, एमपीआयडी नावाने ओळखला जाणारा कायदा करावा लागला. जिथे कामगार टिकेल की नाही याची खात्री नाही, तिथे नफ्याची हमी कोण आणि कशाच्या जोरावर देतो?

कोणी घ्यावी, कोणी नाही

फ्रँचायझी वाईटच असते असं नाही. हॉटेल, हॉस्पिटल किंवा कारखान्याचं हाउसकीपिंग सांभाळलेला, वीस-पंचवीस माणसांची हजेरी रोज घेण्याची सवय असलेला माणूस हा धंदा करू शकतो. विक्री आणि बुकिंगची बाजू हा त्याचा दुबळेपणा असेल, आणि कंपनी सोसायट्यांचे वार्षिक करार, बिल्डरांची ताबा देण्यापूर्वीची सफाई, कंपन्यांची गेस्ट हाउसेस अशी पुन्हा पुन्हा येणारी कामं लेखी स्वरूपात देत असेल, तर त्याच्यासाठी रॉयल्टी हा रास्त मोबदला आहे. पंधरवड्याच्या फेरीची जागा आपल्याकडे हीच कामं घेऊ शकतात.

ज्याच्याकडे पैसे आहेत पण माणसं हाताळण्याचा अनुभव नाही, त्याने आधी फ्रँचायझी घेऊ नये. एखाद्या चालत्या सफाईच्या टीमबरोबर पगारी किंवा बिनपगारी काम करावं, सुपरवायझरच्या मागे सकाळी आठला उभं राहावं, एखादा खाडा स्वतः भरून काढावा. मग दोन-तीन माणसं, एक भाड्याचं यंत्र आणि आपल्याच दोन-तीन सोसायट्या इतक्यावर स्वतःच्या नावाने एक दिवाळी काढावी. त्यात तोटा झाला तरी तो फ्रँचायझीच्या प्रवेश शुल्कापेक्षा कमी असेल. दिवाळी संपल्यावर गावाला गेलेली माणसं तुळशीच्या लग्नापर्यंत परतली, तर धंद्याचा अवघड भाग आपल्याला जमतो हे कळेल. आणि तेव्हा फ्रँचायझीवाल्याशी बोलताना आपण पैसे घेऊन आलेला नवखा माणूस नसू, टीम असलेला भागीदार असू. अशा माणसाला कंपन्या शुल्कातही सवलत देतात, कारण माणसं मिळवणं किती अवघड आहे हे त्यांना आपल्याआधीपासून ठाऊक असतं.